पापणी लवायची राहून जाते

मुद्रितशोधन म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. कादंबरी वाचणारा माणूस शब्दांवरून सरसर पुढे जातो, मला प्रत्येक वेलांटीपाशी थांबावं लागतं. 'कि' आहे की 'की', शिरोरेघेवरचा ठिपका अनुस्वार आहे की स्क्रीनवरची धूळ, हे नखाने खरवडून बघायची वेळसुद्धा येते. आता कागदी प्रुफं फारशी येतच नाहीत, सगळं पीडीएफ. त्यामुळे दुपारनंतरची चुरचुर, संध्याकाळी जड होणारं कपाळ आणि मान वर केली की क्षणभर धूसर दिसणारं पलीकडचं जग, ही तिन्ही माझ्या चांगल्या ओळखीची.

हे कुणाला सांगितलं की पहिला सल्ला हमखास येतो: निळा प्रकाश अडवणारा चष्मा घे. मी घेतला नाही आणि घेणारही नाही. वैद्यकीय संशोधन गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या आढाव्यात १७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. डोळ्यांच्या थकव्यावर या काचांचा साध्या काचांपेक्षा, निदान थोड्या काळात तरी, बहुधा काही वेगळा उपयोग होत नाही, असं त्यात निघालं. आणि निळा प्रकाशच मोजायचा तर दिवसाढवळ्या बाहेर पडलं की स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त डोळ्यांत जातो. रात्री उशिरापर्यंत स्क्रीन बघून झोप बिघडते, तो प्रश्न वेगळा.

माझ्या मते खरी गोम पापणीत आहे. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. स्क्रीनवर लक्ष लागलं की हे प्रमाण निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली. त्यात जी लवते तीही धड नाही. वरची पापणी अर्ध्यावर येते आणि तशीच परत जाते, बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. पापण्या पूर्ण मिटल्या की त्यांतलं तेल डोळ्यावर पसरतं आणि खालच्या पाण्याच्या थराला उडून जाऊ देत नाही. तेल पोचलं नाही की पाणी उडतं, डोळा कोरडा पडतो, आणि घाबरून मग भसाभसा पाणी सोडतो. "पाणी येतंय ना, मग कोरडे कसे?" असं माझ्या वहिनीने विचारलं होतं. उत्तर हेच. ते पाणी पातळ असतं, गालावर ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही.

म्हणून मी परिच्छेद संपला की पापण्या पूर्ण मिटते. आवळायच्या नाहीत, हलक्याच मिटायच्या, मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि उघडायच्या. फोनवर गजर लावा असं बरेच जण सांगतात. गजर वाजला की माणूस आधी फोन बघतो, म्हणजे एका स्क्रीनवरून उठून दुसरीवर जाऊन बसतो. परिच्छेद मात्र कामातच असतो आणि तो संपतोच. (काही लेखकांचे संपत नाहीत. तिथे मी पूर्णविराम धरते.)

दुसरी गोष्ट अंतराची. जवळचं बघताना डोळ्यातला एक स्नायू आवळून भिंग फुगवतो. अंतर निम्मं केलं की हा ताण दुप्पट. म्हणजे ४० सेंटीमीटरवरचा फोन लोळताना २० सेंटीमीटरवर आला की डोळ्याला दुप्पट कष्ट, आणि आपण मात्र त्याला आराम म्हणतो. कॉम्प्युटर साधारण हातभर लांब हवा, बसल्या जागेवरून हात सरळ केला तर बोटं स्क्रीनला टेकावीत इतका. मग अक्षर बारीक दिसतं, म्हणून माणूस पुढे वाकतो. वाकू नका, अक्षर मोठं करा. देवनागरीला तर ते हवंच. वर मात्रा, खाली उकार यांना जागा द्यायची म्हणून त्याच मापात मधलं मूळ अक्षर लहानच राहतं. मी १५० टक्क्यांच्या खाली वाचत नाही, पान आडवं सरकवावं लागलं तरी चालेल.

तो प्रसिद्ध २०-२०-२० चा नियमही याच स्नायूसाठी आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद बघायचं. जेफ्री अँशेल या अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्टमुळे (म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारा तज्ज्ञ) तो लोकांपर्यंत पोचला. २० फूट म्हणजे जवळजवळ सहा मीटर, त्यापलीकडे बघताना स्नायू बहुतेक सैल सुटलेला असतो. आकडे लक्षात राहायला सोपे म्हणून तसे आहेत, वीस सेकंदांना कमीत कमी समजावं. मी सेकंद मोजत नाही. खिडकीतून झाडाच्या शेंड्याकडे बघते. आधी नुसता हिरवा गोळा दिसतो, मग पानं सुटी होतात, मग कडाही दिसायला लागतात. कडा दिसल्या की परत कामाला.

चाळिशी लागली की एक जास्तीचा घोळ होतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असतो त्यात, कॉम्प्युटरच्या अंतराचा पट्टा अरुंद असतो. त्यात स्क्रीन पकडायला आपण नकळत हनुवटी वर करतो, आणि मग दुखते मान, बोल मात्र खुर्चीला. मी टेपने डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजलं, चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे नेलं आणि फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. इतक्या सगळ्या उपायांत सगळ्यात जास्त फरक मला त्याने पडला.

स्क्रीनची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. नजर खाली असली की पापणी डोळा जास्त झाकते, कोरडेपणा कमी. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको. उजेड किती ठेवायचा हे ठरवायला स्क्रीनशेजारी कोरा कागद धरावा. स्क्रीनवरचं पान कागदापेक्षा झगझगीत दिसलं तर कमी करायचं, मळकट दिसलं तर वाढवायचं. डार्क मोडचं मला फारसं कौतुक नाही. डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसला की लागतो तो) असेल तर काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरतं, आणि माझ्या धंद्यात पसरलेला अनुस्वार म्हणजे आफतच.

कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात, दिवसातून बरेचदा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. लाली घालवणारे थेंब मात्र रोज वापरू नयेत. ते रक्तवाहिन्या आवळतात, आणि असर उतरला की डोळा पुन्हा लाल होतो, कधी आधीपेक्षा जास्त.

स्क्रीनने येणारा थकवा त्रासदायक असतो, पण तो विश्रांतीने उतरतो, नजर कायमची जात नाही. एका डोळ्याने अचानक कमी दिसणं, लख्खकन प्रकाश चमकणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम सडा पडणं किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखं वाटणं यांतलं काही झालं, तर मात्र स्क्रीनला दोष देत बसू नये. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत.