दाजीपूरच्या हरोळ्या, काळे फोटो आणि वाया गेलेले १,४०० रुपये

आधी निकाल सांगतो. दाजीपूरच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो काळे येणार हे धरूनच निघा, कॅमेरा रॉवर (म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल मिळेल असा) ठेवा, आणि पक्षी ओळखायचा असेल तर ते फोटो उजळ करायला कुठल्याही स्टुडिओत देऊ नका. मी दिले, १,४०० रुपये मोजले, आणि हरोळीची, म्हणजे हिरव्या कबुतराची, जातच चुकीची लिहून बसलो.

फेब्रुवारीतले तीन दिवस हातात होते. पहिला दिवस कोल्हापुरातल्या रंकाळा आणि कळंबा तलावांवर गेला. ऊन भरपूर, पक्षी जवळ, फोटो चांगले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला कोल्हापूर सोडलं. राधानगरीवरून दाजीपूर साधारण ८० किलोमीटर पडतं. जीपमध्ये मी कॅमेऱ्याची जुळवाजुळव करत होतो, तेव्हा सोबतचा एकजण म्हणाला, "काळा आला तरी काय बिघडत न्हाई भावा, घरात बसून उजळ करता येतोय." दहा वर्षं जंगलात फिरणारा माणूस, म्हणून मी ऐकलं. याच एका वाक्याने पुढचा सगळा घोळ केला.

कच्च्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडी इतकी दाटते की सकाळी आठलाही खाली संध्याकाळ वाटते. मध्येच एक मोठा वड लागला. लाल फळांनी लगडलेला, आणि त्यात वीस-पंचवीस हरोळ्या. आम्ही थेट खाली उभे, वर पानांच्या फटींतून पांढरंफटक आभाळ. कॅमेरा चौकटीतला सरासरी उजेड मोजतो. आभाळ जास्त दिसलं की तो एकूण उजेड कमी करतो, आणि पक्ष्याचा कोळसा होतो. तिथे एक्सपोजर कम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय, +१.५ ते +२ वर न्यायला हवं होतं, आभाळ जळून पांढरं झालं तरी चालेल. मी शून्यावरच ठेवलं. पाऊण तास मान वर करून दोनशेच्या वर फोटो काढले. मान दोन दिवस वळत नव्हती.

तिथून पुढे एक धनेश उडत गेला, तोही पूर्ण काळा. पण त्याला उजेडाची गरजच पडली नाही. चोचीवर शिंगासारखा उंचवटा नव्हता, म्हणजे मलबारी राखी धनेश. कवड्या धनेशाचा उंचवटा लांबूनही लपत नाही. आकारावर ओळखता येणारा पक्षी काळाच राहू द्यावा. त्याला उजळवत बसलात की कडांना दाणे येतात आणि आहे तो आकारही बिघडतो.

हरोळीचं तसं नाही. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, त्याचे पाय पिवळे आणि खांद्यावर जांभळट डाग. सह्याद्रीतल्या राखी डोक्याच्या हरोळीचे पाय लाल, आणि नराची पाठ तपकिरी-लाल. मादीची पाठ हिरवीच असते, म्हणून खालून बघताना सगळी भिस्त पायांवर. आणि पाय तर सगळ्यात दाट सावलीत.

तिसऱ्या दिवशी थकून शहरात परतलो. लॅपटॉप घरी राहिला होता आणि धीर धरवत नव्हता. एका स्टुडिओत ३५ जेपीईजी दिले, फोटोमागे ४० रुपये. आधी "पंधरा-वीस रुपये होतील" म्हणाले, बिल करताना "जंगलाचे फोटो अवघड असतात" म्हणून दर दुप्पट. पैशांपेक्षा राग कामाचा आला. लग्नाचे फोटो उजळवतात तसेच हे उजळवले होते: ऊबदार छटा, रंग गडद, पिसं गुळगुळीत. पाय स्वच्छ पिवळे दिसत होते. मी लगेच "हरियाल" लिहून मित्रांना पाठवलं. रात्री गारगोटीच्या मित्राचा फोन आला, "अरे, खांद्यावरचा डाग कुठाय? आणि पाठ बघ की."

घरी येऊन रॉ उघडली तेव्हा कारण कळलं. उजळवताना फोटोतला लाल, हिरवा, निळा असे तीन भाग एकत्र वर ओढले जातात. लाल पायातला लाल भाग आधीच जास्त असतो, तो टोकाला जाऊन अडकतो. हिरवा मात्र चढतच राहतो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा. त्यात ऊबदार छटेची भर. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यातही सावलीच्या वाट्याला अगदी थोड्या येतात, म्हणून काळ्या जेपीईजीतून ओढून काढलेल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही.

मी आता असं करतो. सगळ्यात आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगांची जुळणी, कारण पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि राखी डोकंही हिरवं दिसतं. त्यासाठी झाडाखालच्या त्याच सावलीत पांढऱ्या रुमालाचा एक फोटो काढून ठेवा आणि त्यावरून रंग बसवा. मग एक्सपोजर जास्तीत जास्त दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की तिथेच थांबा. उरलेलं काम शॅडोजने, म्हणजे फक्त काळोखे भाग उजळवणाऱ्या पट्टीने. सॅच्युरेशनला (रंगांच्या गडदपणाला) हात लावू नका. एआयवाला डीनॉइज (दाणे पुसणारं साधन) ओळखीसाठी वर्ज्य, तो नसलेली पिसं रेखाटतो. फोटो सुधारायचं लाइटरूम सॉफ्टवेअर नसेल तर डार्कटेबल फुकट आहे आणि या कामाला पुरतं. शेवटी त्याच पक्ष्याचे चार-पाच फोटो शेजारी ठेवा. सगळ्यांत टिकतो तो रंग पक्ष्याचा, फोटोगणिक बदलतो तो उजेडाचा.

असं केल्यावर एकूण अकरा फोटोंत पाय लाल निघाले आणि दोनांत नराची तपकिरी पाठ. राखी डोक्याची हरोळी! रात्री दीडला मी घरच्यांना उठवून दाखवलं. बाकीच्या फोटोंखाली नुसतं "हरोळी" लिहिलंय, कारण त्यांत पायच दिसत नाहीत.

तो वड लागला तर जीप खाली थांबवू नका. चालकाला गाडी तीस-चाळीस पावलं पुढे घ्यायला सांगा, सूर्य पाठीशी येईल तिथे. तो कुरकुर करेल, तरी सांगा. नऊनंतर ऊन फांद्यांवर उतरतं, तोवर हरोळ्या खातच असतात.