पट्टी न मारता

"दादा, हितं पट्टी मारूया की. झाकून जातंय."

मिस्त्री हे पहिल्याच आठवड्यात बोलला, आणि पुढचे सात महिने आमचं भांडण या एकाच पट्टीवरून चाललं. नागाळा पार्कातला फ्लॅट ताब्यात आला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की घर मोकळं हवं. कमी सामान, कोरीव काम नाही, भिंतीवर गर्दी नाही. साधं आहे म्हणजे स्वस्तात होईल, हा माझा समज कोटेशन हातात येईपर्यंत टिकला.

ती पट्टी म्हणजे मोल्डिंग, आणि ती शोभेची गोष्ट नसते, हे मला तेव्हा कळलं. चौकट आणि भिंत जिथं भेटतात तिथं गवंड्याच्या आणि सुताराच्या सगळ्या चुका जमा होतात, आणि मोल्डिंग त्या पोटात घेतं. आमच्या डिझायनर बाईंना तिथं फक्त 10 मिलिमीटरची सरळ खाच हवी होती. त्याला शॅडो गॅप म्हणतात. मिस्त्रीनं ओळंबा सोडला तर हॉलची भिंत खालपासून वरपर्यंत अर्धा इंच बाहेर! म्हणजे गिलावा खरवडा, पुन्हा करा, वाळू द्या, मग पुट्टी. फर्निचरचा एक तुकडाही यायच्या आधी महिना आणि बरेच पैसे भिंती सरळ करण्यातच गेले.

मग प्लाय. सिंकखाली आयएस 710 चा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, कपाटांना आयएस 303 चा साधा. आयएस म्हणजे भारतीय मानक. शिक्का शीटवर स्वतः बघून घेतला. व्हीनियरला, म्हणजे प्लायवर चिकटवायच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, मात्र मी फसलो. एकाच ओंडक्यातून निघालेली लागोपाठची शीट घेतली तर रेषा एकमेकींना जुळतात. आम्ही मोजून घेतली आणि एक कमी पडलं. नंतर आलेलं लाल निघालं. ते आता बेडरूमच्या दारामागं आहे. मला रोज दिसतं, बायको म्हणते कुणाला दिसत नाही.

पॉलिशवाला जुलैत हात लावायला तयारच नव्हता. कोल्हापूरचा पाऊस, त्यात पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. त्यातला हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, हवेतल्या ओलीबरोबरही रिअॅक्शन करतं आणि थरात बुडबुडे धरतात, असं तो समजावत होता. पण वास्तुशांतीची तारीख ठरलेली, मीच घाई केली. टीव्हीच्या मागच्या पॅनलवर घामोळं आल्यासारखं दिसायला लागलं. दिवाळीच्या आधी सगळं घासून परत केलं, दुसऱ्यांदा पैसे देऊन.

आईचा प्रश्न वेगळाच. बाईंचं म्हणणं, ओट्यावर एकही भांडं दिसता कामा नये. आई म्हणाली, "मग पाणी कपाटातनं काढू व्हय?" शेवटी एक उघडा कोनाडा ठेवला, त्यात तांब्याची घागर. खरं सांगतो, त्या अख्ख्या पांढुरक्या स्वयंपाकघरात नजर तिथंच जाते. बिनहँडलच्या ड्रॉवरांवर मात्र आईनं सूड उगवला. दाबून उघडायचे, त्यामुळं तांबड्या रश्श्याच्या दिवशी मॅट पांढऱ्यावर हळदीची पाच बोटं उमटतात. परत करायचं झालं तर वरच्या कडेला बोट घालायची खाच असलेलं प्रोफाइल घेईन.

खुर्च्यांसाठी बाईंनी चंदीगड चेअरचे फोटो दाखवले. स्विस वास्तुविशारद पियर जानेरेनं 1950 च्या दशकात चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या, सागवान आणि वेताच्या. कचेऱ्यांनी भंगारात काढलेल्या त्या खुर्च्या आज परदेशी लिलावात विकल्या जातात. नक्कलसुद्धा महाग. तेव्हा मला शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरची आजोबांची आरामखुर्ची आठवली. वेत फाटलेला, सागवान मात्र खणखणीत. लाकूड घासून नुसतं तेल दिलं, वेत नव्यानं विणून घेतला. येणारा प्रत्येकजण नवा सोफा सोडून तिच्यावर बसतो.

वास्तुशांतीला शेजारच्या काकूंनी सगळं घर फिरून बघितलं आणि विचारलं, "छान झालंय हो. सामान कधी येणार?"

न्हाणीघराच्या दाराची चौकट पहिल्याच पावसाळ्यात ओलीनं फुगली आणि ती खाच वाकडी झाली. मी मिस्त्रीला फोन केला, म्हणालो, पट्टी मारून टाक. आला, मारली, काही बोलला नाही. पैसेही घेतले नाहीत.