आर्डुइनो आयडीई सुडोशिवाय: गच्चीवरच्या कुंड्यांची पुढची नोंद

कुंड्यांना पाणी सोडणाऱ्या यंत्राचं काम दोन रविवार अडलं होतं. सर्किट ठीक होतं. नवी लायब्ररीच (तयार कोडचा संच) घेता येत नव्हती. आर्डुइनो बोर्डासाठी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, म्हणजे आयडीई, म्हणे, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. फोल्डर माझ्याच होम फोल्डरमधला!

याचं मूळ जुनं आहे. लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स १८.०४ असताना ‘परमिशन डिनाइड’ आलं की मी आयडीई सरळ सुडोनं, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्कानं, उघडत असे. तेव्हाच्या उबुंटूत सुडो केलं तरी होम फोल्डर आपलाच राहायचा, १९.१० पासून रूटचं होम धरलं जातं. त्यामुळे आयडीई रूट म्हणून चालायचं आणि फायली माझ्या होममध्ये टाकायचं. त्या सगळ्या रूटच्या मालकीच्या झाल्या. फाइंड कमांडनं होममधल्या रूटच्या फायली शोधल्या, मालकी बदलणाऱ्या चोन कमांडनं ती परत घेतली, आणि लायब्ररी लगेच बसली.

आता पोर्ट. बोर्डाशी बोलायच्या सीरियल पोर्टसाठी रूट व्हायची गरजच नसते. उबुंटूत तो डायलआउट गटाकडे असतो, आपण त्या गटात असलो की झालं. गटात घालणाऱ्या यूजरमॉड कमांडला मोठ्या ‘जी’सोबत छोटा ‘ए’ द्यायला मात्र विसरू नका. तो राहिला तर बाकीच्या सगळ्या गटांतून नाव जातं, सुडोच्या गटातूनसुद्धा. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या नॅनोवर (छोटा आर्डुइनो बोर्ड) सीएच३४० ही यूएसबी-सीरियल चिप आहे. २२.०४ वर तिचा पोर्ट क्षणभर दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. कर्नलच्या लॉगमध्ये कारण सापडलं: बीआरएलटीटीवाय ही ब्रेल डिस्प्लेची सेवा त्या चिपला आपलं यंत्र समजून ताब्यात घेते. आमच्याकडे ब्रेल डिस्प्ले नाही, म्हणून मी ती काढली. तुमच्याकडे कुणी वापरत असेल तर सेवा राहू द्या, तिच्या नियमांच्या फाइलमधली त्या चिपची ओळ तेवढी बंद करा.

डिस्कचे भाग पाडणाऱ्या जीपार्टेडसारख्या प्रोग्रॅमला रूट लागतंच, तिथे परवानग्या सांभाळणारं पोलकिट पासवर्ड विचारतं, ते योग्यच आहे. आयडीईला ते लागू नये, असं माझं ठाम मत आहे. इंटरनेटवरून आणलेल्या लायब्ऱ्या आणि कंपायलर रूट म्हणून कशाला चालवायचे?

राहिला यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमध्ये थेट प्रोग्रॅम भरणारं उपकरण. तो सीरियल पोर्ट नाही, त्यामुळे डायलआउटचा उपयोग नाही. जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या युडेवचा नियम लिहावा लागतो. मी व्हेंडर १६सी०, प्रॉडक्ट ०५डीसी आणि ‘यूॲक्सेस’ टॅग अशी ओळ लिहिली, फाइलचं नाव ९९ नं सुरू केलं. काही फरक पडेना. संध्याकाळ त्यातच गेली. शेवटी कळलं की नियमांच्या फायली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि हा टॅग वाचून परवानगी देणारा नियम ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये आहे, म्हणून आपली फाइल त्याच्या आधी यायला हवी. नाव ६० नं सुरू केलं, नियम पुन्हा वाचायला लावले, प्रोग्रॅमर काढून लावला.

चिपशी बोलणाऱ्या एव्हीआरड्यूड प्रोग्रॅमनं सुडोशिवाय चिपची सही (ओळख-क्रमांक) वाचून दाखवली: १ई ९५ ०एफ. म्हणजे एटीमेगा ३२८पी चिप. रविवारी पंपाचा रिले जोडायचा आहे.