उजळणारे चौकोन: कॉलबॅकला उशीर, क्लोजरला आठवण

माझ्या जावास्क्रिप्टच्या वेबपानावर ओळीतले दहाही चौकोन आता एकामागून एक उजळतात, प्रत्येक आपल्या पाळीला. हा टप्पा क्लोजरमुळे (म्हणजे फंक्शनने आपल्या बाहेरची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणं) जमला, म्हणून आजची नोंद बहुतेक त्याच्यावरच.

रचना साधी आहे. फॉर लूप शून्यापासून नऊपर्यंत फिरतो आणि प्रत्येक फेरीत सेटटाइमआउटला, म्हणजे ठरलेल्या उशिराने काम करवणाऱ्या टायमरला, एक कॉलबॅक (नंतर चालवायचं फंक्शन) देतो. किती थांबायचं? क्रम (लूपचा आकडा) गुणिले २०० मिलिसेकंद. आता 'क्रम' व्हारने (व्हेरिएबल घोषित करायची जुनी पद्धत) घोषित करून कॉलबॅकमध्ये तो कन्सोलवर छापून पाहा. उशीर अगदी बरोबर पडतो: ०, २००, ४००. पण कन्सोलवर दहाही वेळा १० छापून येतं! उशिराचा आकडा सेटटाइमआउट बोलावतानाच मोजला जातो. कॉलबॅकच्या आतला 'क्रम' मात्र कॉलबॅक चालेल तेव्हा वाचला जातो, आणि तोवर लूप संपून तो १० झालेला असतो. क्लोजर व्हेरिएबलला धरून ठेवतं, त्या क्षणीच्या किमतीला नाही. उशीर शून्य दिला तरी फरक पडत नाही, कारण चालू कोड संपून कॉल स्टॅक (चालू असलेल्या फंक्शन्सची यादी) रिकामा झाल्याशिवाय टायमरच्या कॉलबॅकची पाळी येतच नाही.

व्हारऐवजी लेट लिहिलं की काम होतं. २०१५ च्या ईएस६ या जावास्क्रिप्ट आवृत्तीपासून लेटवाल्या फॉर लूपमध्ये प्रत्येक फेरीला नवा 'क्रम' मिळतो. तरीही मी 'उजळव' नावाचं वेगळं फंक्शन ठेवलंय. ते क्रम घेतं आणि दुसरं फंक्शन परत करतं. चौकोन उजळतो तो या आतल्या फंक्शनमध्ये. नवीन मंडळींनी इथे कंसांवर नजर ठेवावी. 'उजळव' लगेच चालतं, त्याने परत केलेलं फंक्शन टायमरकडे जातं आणि नंतर चालतं. 'उजळव'ने काहीच परत केलं नाही आणि चौकोन स्वतःच उजळवला, तर सगळे चौकोन एकदम पेटतील आणि टायमरच्या हाती अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच नाही, पडेल. लेटपेक्षा चार ओळी जास्त, पण फंक्शनला नाव मिळतं, ते एकटं तपासता येतं. मला हीच पद्धत आवडते. (क्रम सेटटाइमआउटला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून दिला, तर तो थेट कॉलबॅकला पोचतो. सगळ्यात आटोपशीर.)

वेगाच्या स्लायडरला डिबाउन्स लावलाय. बाहेरच्या फंक्शनमध्ये 'टायमर' हे व्हेरिएबल. आतलं फंक्शन दरवेळी जुना टायमर क्लिअरटाइमआउटने रद्द करून नवा लावतं. स्लायडर सरकत असेपर्यंत काही होत नाही, हात थांबला की एकदाच नवा वेग लागू. किती सुंदर आहे हे! बाहेरून कोणालाही न दिसणारं एक व्हेरिएबल, आणि सगळी शिस्त त्याच्यावर. फक्त बाहेरचं फंक्शन एकदाच बोलवायचं. इव्हेंट हँडलरच्या आत दरवेळी बोलावलं, तर प्रत्येकाचा 'टायमर' वेगळा होतो आणि आधीचा कोणीच रद्द करत नाही.

अचूक ठेका मात्र टायमरकडून मागू नका. २०० म्हणजे कमीत कमी २००, आणि टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर आणखी मंदावतात. म्हणून पुढच्या टप्प्यात रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम (ब्राउझर पुढचं चित्र काढण्याआधी फंक्शन बोलावतो ती सोय) वापरून बघणार आहे. त्याआधी 'थांबा' बटण: दहाही टायमरचे आयडी एका ॲरेमध्ये, तो ॲरे क्लोजरमध्ये, आणि बाहेर फक्त 'सुरू' आणि 'थांबा' ही दोन फंक्शन्स.