लाउटर्नचं विजेतेपद हा चमत्कार होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

जर्मनीत, मानहाइमला आमच्याकडे पुण्या-मुंबईहून कुणी आलं आणि बोलणं फुटबॉलवर गेलं, की एक प्रश्न ठरलेला असतो. दुसऱ्या डिव्हिजनमधून नुकताच वर आलेला संघ पहिल्याच वर्षी बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च फुटबॉल लीग, जिंकतो, हा चमत्कार नाही तर काय? इथे नव्याने नोकरीला आलेली मराठी मुलंही हेच विचारतात. १९९७-९८ चा तो हंगाम त्यांनी पाहिलेला नसतो, पण काइझर्सलाउटर्नचं (इथल्या बोलण्यात नुसतं ‘लाउटर्न’) नाव आणि ‘चमत्कार’ हा शब्द एवढं त्यांच्या कानावर आलेलं असतं.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. चमत्कार म्हटलं की काम केलेली माणसं गोष्टीतून बाहेर पडतात, आणि मला त्यांच्याबद्दलच सांगायचं असतं.

सुरुवात दोन वर्षं आधीपासून करावी लागेल. लाउटर्न हा १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हापासूनचा संघ. १९५१ आणि १९५३ मध्ये, म्हणजे बुंडेसलिगाच्याही आधी, ते जर्मनीचे विजेते होते. १९९१ मध्ये पुन्हा झाले आणि १९९४ मध्ये दुसरे आले. म्हणजे हा काही कुठून तरी उगवलेला अनोळखी क्लब नव्हता. मग आला १९९५-९६ चा हंगाम. जिंकल्यावर तीन गुण देण्याची पद्धत जर्मनीत त्याच वर्षी सुरू झाली होती आणि लाउटर्नने ३४ पैकी १८ सामने बरोबरीत सोडवले, म्हणजे प्रत्येकी एकच गुण. शेवटच्या दिवशी, १८ मे १९९६ ला, लेव्हरकुझेनमध्ये सामना होता. दोन्ही संघ तळाशी. लाउटर्नला जिंकणं भाग होतं, लेव्हरकुझेनला बरोबरीही पुरेशी होती. पावेल कुकाने लाउटर्नला आघाडी मिळवून दिली, पण शेवटची काही मिनिटं उरली असताना लेव्हरकुझेनच्या मार्कुस म्युंशने बरोबरी साधली. लेव्हरकुझेन वाचलं आणि लाउटर्न इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलं. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टीवर जर्मनीला जिंकून देणारा लाउटर्नचा आंद्रेआस ब्रेमे त्या दिवशी रूडी फोलरच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. फोलर लेव्हरकुझेनचा. विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले दोघे जुने सोबती. ते दृश्य जर्मनीत आजही दाखवलं जातं.

आठवड्याभराने बर्लिनमध्ये जर्मन कपचा अंतिम सामना होता, कार्ल्सरूएशी. मार्टिन वाग्नरच्या फ्री किकवर लाउटर्नने तो १-० असा जिंकला. कप हातात, पण पुढच्या हंगामात दुसरी डिव्हिजन.

या जागी मी नेहमी थांबतो, कारण माझ्या मते १९९८ चं विजेतेपद इथेच ठरलं. संघ खाली गेला की चांगले खेळाडू निघून जातात, हा फुटबॉलचा जवळजवळ नियम. इथे ते राहिले. ब्रेमे तेव्हा पस्तिशीचा होता, विश्वविजेता होता, त्याला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घाम गाळायची काहीच गरज नव्हती. तो राहिला. वाग्नर राहिला, ओलाफ मार्शाल राहिला, गोलकीपर आंद्रेआस राइन्के राहिला. सगळ्यात मोठं उदाहरण मिरोस्लाव काद्लेत्स आणि पावेल कुका या दोघा चेक खेळाडूंचं. जून १९९६ मध्ये ते युरो स्पर्धा खेळले. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्धची निर्णायक पेनल्टी काद्लेत्सने मारली आणि वेम्बलीवर दोघेही जर्मनीविरुद्ध अंतिम सामन्यात उतरले. त्यानंतर काही आठवड्यांत ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये छोट्या गावांच्या मैदानांवर खेळत होते. ज्यांनी संघ खाली जाताना पाहिला, त्यांनीच तो वर न्यायचं ठरवलं. मला तरी याहून मोठं काही त्या हंगामात दिसत नाही.

आता प्रशिक्षक ओटो रेहागेल. मूळचे एसेनचे, रंगारीकाम शिकलेले, पुढे कडक बचावपटू. ब्रेमेनमध्ये चौदा वर्षं प्रशिक्षक होते आणि तिथे सगळं जिंकून १९९५ मध्ये बायर्न म्युनिककडे गेले. तिथे वर्षही पूर्ण झालं नाही. एप्रिल १९९६ च्या शेवटी, यूएफा कपच्या अंतिम फेरीला जेमतेम काही दिवस उरले असताना, बायर्नने त्यांना काढलं. त्याच उन्हाळ्यात लाउटर्नच्या अध्यक्षपदावर युर्गन फ्रीडरिश आले. रेहागेल आणि फ्रीडरिश साठ-सत्तरच्या दशकांत याच क्लबसाठी एकत्र खेळलेले. जुन्या सोबत्याने हाक दिली आणि रेहागेल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये काम करायला आले. पहिल्याच वर्षी संघ पहिल्या क्रमांकाने वर गेला. त्या वर्षातला शेवटचा सामना मेपेनविरुद्ध ७-६ असा सुटला, हे खास गोल मोजण्याची आवड असणाऱ्यांसाठी.

वर येताना क्लबने एक मोठी खरेदी केली आणि ती अगदी नेमकी होती. चिरियाको स्फोर्झा हा स्वित्झर्लंडचा मिडफिल्डर आधी लाउटर्नमध्येच खेळलेला, मग रेहागेलसोबत बायर्नमध्ये, मग एक वर्ष इंटर मिलानमध्ये. तो परत आला. श्टुटगार्टहून उजव्या बाजूला धावणारा आंद्रेआस बुक आला. आणि केम्निट्झहून एक वीस वर्षांचा उंच मुलगा आला, ज्याच्याबद्दल तेव्हा फार कुणी बोलत नव्हतं. त्याचं नाव मिशाएल बालाक. त्या हंगामात तो १६ सामने खेळला.

२ ऑगस्ट १९९७. हंगामाचा पहिलाच दिवस, आणि कार्यक्रमपत्रिकेने लाउटर्नला पाठवलं कुठे, तर म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये, गतविजेत्या बायर्नकडे. सव्वा वर्षापूर्वी ज्यांनी रेहागेलना काढलं, त्यांच्याच अंगणात. सामना संपायला दहा मिनिटं असताना स्फोर्झाने फ्री किक मारली, डॅनिश बचावपटू मिशाएल श्योनबेर्गने उडी घेऊन हेडर मारला आणि ०-१. म्युनिकने सोडलेल्या माणसाचा पास, म्युनिकने काढलेल्या प्रशिक्षकाचा संघ. रेहागेल सामना संपल्यावर मैदानावर धावत आले ते हात उंचावूनच. त्या आनंदात अपमानाची भरपाई किती आणि कामाचं समाधान किती, हे त्यांनाच माहीत, पण दोन्ही त्यांच्या हक्काचं होतं.

चौथ्या फेरीपासून लाउटर्न गुणतक्त्यात सगळ्यात वर गेलं आणि शेवटपर्यंत खाली आलं नाही. डिसेंबरमध्ये बायर्न त्यांच्याकडे आलं आणि २-० हरून गेलं. लोक चमत्कार म्हणतात तेव्हा मी हा साधा हिशोब मांडतो. बायर्नविरुद्धच्या दोन सामन्यांतून लाउटर्नने सहाच्या सहा गुण घेतले आणि हंगामाच्या शेवटी दोघांमधला फरक होता दोन गुणांचा, ६८ आणि ६६. मुख्य प्रतिस्पर्ध्याला दोनदा समोरासमोर हरवूनच हे विजेतेपद आलं आहे. नशिबाचा वाटा असेलही, पण तो पहिला नाही.

खेळ कसा होता? आजच्या डोळ्यांना जुन्या वळणाचा वाटेल. काद्लेत्स सगळ्यांच्या मागे लिबेरो म्हणून उभा, घाई न करता चेंडू काढून घेणारा. त्याच्या पुढे दोन बचावपटू समोरच्या आघाडीवीरांना सावलीसारखे चिकटलेले. त्यातला एक हॅरी कोख, जो फेस्टेनबेर्ग्सग्रॉइथ नावाच्या खेड्यातल्या हौशी संघातून आलेला. त्याच खेड्याने १९९४ मध्ये कपच्या सामन्यात बायर्नला हरवलं होतं. डावीकडून वाग्नर, उजवीकडून बुक, दोघेही रेषेपर्यंत पळून क्रॉस टाकणारे. मधे स्फोर्झा, जो संपूर्ण संघाचा वेग ठरवायचा. जरा गोंधळ झाला की तो चेंडू पायाखाली घ्यायचा आणि सगळ्यांना श्वास घ्यायला वेळ द्यायचा. ब्राझीलचा रातिन्यो बचाव फोडायचा, बल्गेरियाचा मारियान ह्रिस्तोव्ह मागून धावत यायचा. आणि गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये मार्शाल. पूर्व जर्मनीत, लाइपझिगमध्ये घडलेला आणि पुढे ड्रेस्डेनकडूनही खेळलेला हा सेंटर फॉरवर्ड. त्याने त्या हंगामात २१ गोल केले. लीगमध्ये त्याच्यापुढे एकच जण होता, लेव्हरकुझेनचा उल्फ किर्स्टन, २२ गोल. तोही आधी ड्रेस्डेनकडूनच खेळलेला.

‘त्या वर्षी बाकीचे कमजोर होते’ असंही कधी कधी ऐकू येतं. हे मला मान्य नाही. १९९७ मध्ये चॅम्पियन्स लीग डॉर्टमुंडकडे होती आणि यूएफा कप शाल्ककडे. युरोपातले दोन मोठे चषक एकाच देशात. राष्ट्रीय संघ युरोपचा विजेता. बायर्नकडे कान, मॅथॉउस, शोल, बास्लर, एल्बर. त्यांचा प्रशिक्षक जोवान्नी त्रापात्तोनी. मार्च १९९८ मध्ये शाल्ककडून हरल्यावर त्रापात्तोनींनी पत्रकारांसमोर टेबल आपटून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये स्वतःच्या खेळाडूंना झापलं, आणि ते भाषण इथे आजही लोकांच्या तोंडी आहे. पण बायर्नमध्ये एवढी चिडचिड कशामुळे झाली, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. समोरचा संघ आठवड्यामागून आठवडे आघाडी सोडत नव्हता, म्हणून. त्या हंगामात लाउटर्न ३४ पैकी फक्त चार सामने हरलं.

२ मे १९९८ ला घरच्या मैदानावर वोल्फ्सबुर्गविरुद्ध सामना झाला. वोल्फ्सबुर्गही आदल्या वर्षी लाउटर्नसोबतच वर आलेला संघ. लाउटर्नने ४-० असा विजय मिळवला, तिकडे बायर्न डुइसबुर्गमध्ये ०-० वर अडकलं आणि एक फेरी शिल्लक असतानाच निकाल लागला. बुंडेसलिगाच्या इतिहासात नुकताच वर आलेला दुसरा कुठलाही संघ तोवर हे करू शकला नव्हता, आणि त्यानंतरही कुणाला जमलेलं नाही. त्याच हंगामात कार्ल्सरूए आणि कोलोन खाली गेले. कोलोनसुद्धा १९६३ पासूनचा संघ आणि त्याचीही ही पहिलीच वेळ.

गावाबद्दल सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. काइझर्सलाउटर्न लाखभर वस्तीचं, फाल्झच्या जंगलांच्या कडेला वसलेलं गाव. फाफ शिलाई मशीनचा कारखाना इथला, शेजारी रामश्टाइनला अमेरिकेचा मोठा हवाई तळ. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच बेट्झेनबेर्ग नावाची टेकडी आणि तिच्या डोक्यावर स्टेडियम. सामन्याच्या दिवशी लाल मफलरवाल्यांची रांग त्या चढावर लागते. १९५४ मध्ये बर्नमध्ये हंगेरीला हरवून पश्चिम जर्मनी पहिल्यांदा विश्वविजेता झाला, तेव्हा त्या अकरा जणांत पाच जण या एकाच क्लबचे होते: फ्रिट्झ वाल्टर, त्याचा भाऊ ओटमार, कोलमायर, एकेल आणि लीब्रिश. फ्रिट्झ वाल्टर त्या संघाचा कर्णधार. परदेशी क्लबांची मोठी आमिषं नाकारून तो आयुष्यभर इथेच राहिला. १९८५ पासून स्टेडियमला त्याचंच नाव आहे, आणि १९९८ चं विजेतेपद त्याने हयातीत पाहिलं. मागे जे ब्रेमे आणि काद्लेत्स राहिल्याचं सांगितलं, ते या गावात अगदीच नवं नव्हतं.

मग दुसरा प्रश्न येतो, की असं पुन्हा होईल का? मला नाही वाटत, आणि हे सांगताना वाईट वाटतं. डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालानंतर करार संपलेला खेळाडू पैसे न मोजता दुसरीकडे जाऊ शकतो. चॅम्पियन्स लीगचा पैसा दर वर्षी त्याच त्याच क्लबांकडे जाऊ लागला. १९९६ मध्ये ती मंडळी एकत्र राहिली तेव्हा हे बदल नुकते सुरू होत होते. आज काद्लेत्स आणि कुकासारखे खेळाडू खाली गेलेल्या संघात महिनाभरही टिकू दिले जाणार नाहीत. खुद्द लाउटर्नच्याच वाट्याला हे आलं. पुढच्या वर्षी ते चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले आणि तिथे बायर्नकडून हरले. बालाक १९९९ मध्ये लेव्हरकुझेनला गेला. रेहागेल २००० मध्ये गेले आणि २००४ मध्ये ग्रीसला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं, त्यालाही लोक चमत्कार म्हणतात. क्लब मात्र कर्जात गेला. २००६ च्या विश्वचषकासाठी स्टेडियम वाढवण्याचा भार त्यात पडला. २०१८ मध्ये ते तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरले, २०२० मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया झाली, २०२२ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये परतले.

त्या हंगामातला कुठला सामना बघावा, असं विचारलंत, तर वोल्फ्सबुर्गचा ४-० नंतर बघा. आधी एप्रिल १९९८ मधला ग्लाडबाखविरुद्धचा बघा, ३-२, लाउटर्नचे तिन्ही गोल मार्शालचे. गोलच्या वेळी चेंडूकडे बघू नका. मार्शाल आधी कुठे उभा आहे आणि क्रॉस सुटण्यापूर्वी तो कोणत्या बाजूला सरकतो, तेवढंच बघा.