मामांचा उजवा हात आणि शिकणारा मेंदू

पक्षाघातानंतर घरची माणसे हाताची ताकद पाहतात, मूठ वळते का, पेला उचलता येतो का हे विचारतात. पण त्या हाताला वस्तू कळते का, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. कोल्हापुरात जवाहरनगरला चपला बनवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माझ्या मामांची खरी अडचण मात्र हीच होती. रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, त्यांना धरता येई, परंतु नजर दुसरीकडे वळली की ती हातातून कधी सुटली हे त्यांना समजत नसे, आणि चामड्याची जाडी नुसत्या बोटांनी जोखण्याचे कसब तर पुरते हरपले होते.

याच संदर्भात पॉल बाख-इ-रिता या अमेरिकी संशोधकाचे काम मला फार महत्त्वाचे वाटते. १९६९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात जन्मांध व्यक्तींना एका खुर्चीत बसवले जाई आणि कॅमेऱ्याने टिपलेले चित्र खुर्चीच्या पाठीतील ४०० कंपकांमधून त्यांच्या पाठीवर उमटवले जाई. सरावाने या व्यक्ती टेलिफोन, खुर्ची यांसारख्या वस्तू ओळखू लागल्या. यातली कळीची बाब अशी की, कॅमेरा स्वतः फिरवायला मिळाला तेव्हाच वस्तू ‘समोर’ असल्याचे त्यांना जाणवू लागले. एरवी पाठीवर नुसती गुदगुली होत राही. पुढे याच विचारातून जिभेवर सौम्य विद्युतसंवेदना देणारे उपकरण तयार झाले आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झालेल्या रुग्णांसाठीही ते वापरून पाहण्यात आले.

या संशोधनामागे घरचाच अनुभव होता. बाख-इ-रिता यांच्या वडिलांना पक्षाघात झाल्यावर पॉल यांच्या भावाने त्यांना रांगण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे नव्याने करायला लावले. वडील पुन्हा अध्यापन करू लागले, आणि १९६५ मध्ये त्यांच्या निधनानंतर झालेल्या शवविच्छेदनात मेंदूची मोठी हानी तशीच राहिल्याचे दिसले. मेलेल्या पेशी परतल्या नव्हत्या. उरलेल्यांनी काम वाटून घेतले होते.

आपल्याकडे मात्र भर असतो तो तेलमालिशीवर. मालिशीने बरे वाटते, सांधे मोकळे राहतात, हे मान्य. पण निपचित पडलेल्या हातावर दुसऱ्याने काहीही चोळले तरी त्या हाताला शोधण्याचे काम मिळत नाही, आणि माझ्या मते अशा रुग्णांसाठीच्या महागड्या, कंप देणाऱ्या हातमोज्यालाही हीच कसोटी लावावी. मामांच्या फिजिओथेरपिस्टने परातीत तांदूळ ओतून त्यात बटण, नाणे, किल्ली लपवली आणि डोळे मिटून ती ओळखायला सांगितले. मामा कंटाळले. मग तांदळाऐवजी चामड्याचे तुकडे आले, जाड-पातळ, खरखरीत-गुळगुळीत, आणि मामा प्रत्येक तुकडा अंगठ्याखाली घोळवत ‘हा तळाचा, हा पट्ट्याचा’ असे सांगू लागले. चुकले की डाव्या हाताने पडताळत आणि तोच तुकडा पुन्हा उजव्या हातात घेत.

असा सराव घरी सुरू करणाऱ्यांनी एक खबरदारी जरूर घ्यावी: संवेदना गेलेल्या हाताला चटका कळत नाही, त्यामुळे शेकाच्या पिशवीची किंवा आंघोळीच्या पाण्याची उष्णता नेहमी चांगल्या हाताने तपासावी.