पुलाच्या पोलादी कठड्याची धडक-चाचणी: माझा अनुभव

अमेरिकेत पुलांच्या कठड्यांचं डिझाइन करायला लागले तेव्हा सगळ्यात आधी हातात पडली ती कठड्यांच्या धडक-चाचण्यांची ‘मॅश’ ही नियमावली. आशटोने, म्हणजे तिथल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांच्या संघटनेने, ती २००९ मध्ये काढली, २०१६ मध्ये सुधारली. आमचा कठडा टेस्ट लेव्हल ४ चा होता. म्हणजे त्याला तीन धडका सोसायच्या: ११०० किलोची छोटी कार आणि २२७० किलोचा पिकअप, दोन्ही ताशी १०० किलोमीटर वेगाने, २५ अंशांच्या कोनात, शिवाय १०,००० किलोचा ट्रक, ताशी ९० ने, १५ अंशांत.

खरी ओढाताण या तिघांतच. ट्रकचा भार उंचावर असतो, कठडा बुटका असला तर तो वरून पलीकडे कलंडतो. म्हणून निदान ३६ इंच उंची हवीच. पुढेमागे पुलावर डांबराचा नवा थर चढणार आणि कठडा तेवढाच ठेंगणा होणार, म्हणून आम्ही आधीच ३ इंच वाढवून धरले. पण उंची वाढली की आडव्या नळ्यांमधली फट वाढते, आणि कारचं चाक किंवा बॉनेट त्या फटीतून शिरून खांबाला अडकू शकतं. चाक अडकलं की गाडीला एकदम हिसका बसतो आणि तो आतल्या माणसांच्या अंगावर येतो. आतला माणूस गाडीच्या आत आदळण्याचा वेग सेकंदाला १२.२ मीटरच्या वर गेला तर कठडा नापास. खालचा नळा किती खाली घ्यायचा, नळे खांबापुढे किती काढायचे, एलएस-डायना या संगणकावर धडक करून पाहायच्या सॉफ्टवेअरवर आमचा बहुतेक वेळ यातच गेला.

मग स्लॅब, म्हणजे खांब ज्यावर बोल्टांनी बसवतात तो पुलाचा काँक्रीटचा थर. खांब वाकलाच नाही तर सगळा जोर बोल्टांमधून स्लॅबच्या कडेवर येतो आणि काँक्रीट फुटतं. खांब बदलणं सोपं. स्लॅबची कड तोडून पुन्हा ओतायची तर लेन बंद ठेवावी लागते. म्हणून आधी खांबच वाकेल असा हिशेब धरला. या कामातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो.

चाचणीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर नसतो. पोलादी दोराने ओढून त्याला वेग देतात आणि धडकेच्या जरा आधी दोर सुटतो. पुढचा कोपरा आपटला, ट्रक वळायला लागला आणि लगेच मागचा भाग कठड्यावर धाडकन आदळला. ट्रकचा मालाचा डबा कठड्यावर रेलला, त्याचा तळ वरच्या नळ्यावर घासत गेला, आणि ट्रक चाकांवर राहून पुढे निघाला. ट्रक उभा राहणं श्रेयस्कर मानतात, सक्तीचं नाही. तरी माझा श्वास अडकला होता.

मग टेप घेऊन खाली उतरलो. नळ्यावर टायरचे काळे पट्टे, खोल ओरखडे. खांब बुडाशी वाकलेले. मी आधी पाहिली ती स्लॅबची कड. बारीक तडे होते, काँक्रीट कुठे सुटलं नव्हतं.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:६ या पुलांच्या नियमावलीत सर्वांत मजबूत कठड्यासाठी ३०० किलोन्यूटनचं (साधारण ३० टनांचं) वाहन, ताशी ६० किलोमीटर आणि २० अंश धरतात. पुलावर असा कठडा बसवताना त्याची प्रत्यक्ष धडक-चाचणी झाली आहे का, हे विचारलंच पाहिजे.

आता काम आहे ते पुलाचा कठडा रस्त्याच्या लवचिक गार्डरेलला जिथे मिळतो त्या तुकड्याचं. मऊ रेल दबते आणि गाडी थेट कडक कठड्याच्या टोकावर जाते, म्हणून तिथे खांब एकमेकांच्या जास्त जवळ लावावे लागतात. त्या जोडाची चाचणी वेगळी घ्यावी लागते.